झाब्याकचं मधलं घर

"चित्र झाब्याकला येणार नाही, याद्विगाबाई."

रिशार्द होडीतूनच बोलला. उतरलासुद्धा नाही. हातातली लांब काठी त्यानं चिखलात रोवून धरली होती आणि होडी त्या काठीभोवती दावणीच्या वासरासारखी इकडून तिकडं ओढ घेत होती. नदीचं पाणी अंगणातल्या सफरचंदाच्या झाडापर्यंत आलं होतं. वारा सकाळपासून पडला नव्हता.

आजी पायरीवर बटाटे सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"का रे? झाब्याक देवाला सापडत नाही?"

"देवाला सापडतं. पण एका माणसासाठी एवढ्या पाण्यातून..."

"दोन माणसं आहेत," मी दारातून म्हटलं.

"तू मोजणीत नाहीस, पोरी. तुझा पत्ता अजून अळंबीच्या शेडवरचा आहे. झाब्याकची वस्ती एक." त्यानं टोपी काढली, परत घातली. रिशार्द म्हणजे लिपोव्का गावचा सोल्तिस, आपल्याकडचा सरपंच आणि पोलीस पाटील एकाच सदऱ्यात कोंबावेत तसा माणूस. "आणि एकटीदुकटीचं सोडा. आणणार कोण? लिपोव्कातलं शेवटचं घर तुमच्या नणंदेचं. तिला विचारूनच आलो."

आजीची सुरी थांबली. "काय म्हणाली?"

"बरंच म्हणाली. पण चित्राच्या आठवड्यात तोंडातून काढण्यासारखं त्यात काही नव्हतं."

आजी हसली नाही. सोललेला बटाटा तिनं पाण्यात टाकला आणि विचारलं, "परत कधी येईल फेरी?"

"वीस वर्षं तरी..."

"मग बरं आहे. तोवर पाणीही ओसरेल." ती उठून आत गेली. रिशार्दनं काठी उपसली आणि होडी वळवली.

याला आता बरीच वर्षं झाली. मी पोलंडमध्ये अळंबी खुडायच्या कामाला होते. संगमेश्वराकडची मी, डोंगराच्या कुशीत वाढलेली. आणि तो मुलूख असा, की नजर टेकायला टेकाडसुद्धा नाही. सपाट, वाळूची जमीन, राय नावाच्या धान्याची आणि बटाट्याची शेतं, मधून मधून बर्चची पांढरी खोडं. पहिले सहा महिने मला त्या सपाटीवर झोप लागायची नाही. वाटायचं, कुशीवर वळले तर घरंगळत जाईन, अडवायला काही नाही. त्यांच्याकडे ग्मिना असते, म्हणजे आपली ग्रुप ग्रामपंचायतच. दहाबारा गावं, त्यांच्या वाड्या, एक चर्च, एक शाळा, एक दवाखाना आणि मधून वाहणारी नदी. ती नदी एका धारेनं वाहतच नाही. वेणी सोडलेल्या केसांसारखी पाचसात धारांनी पसरते, आणि बर्फ वितळलं की सगळ्या धारा एक होऊन कुरणांवर चढतात. तेवढे दिवस झाब्याक ही लिपोव्काची वाडी बेट होऊन जाते. नावाचा अर्थच बेडकांची जागा.

वाडीत सात घरं. सहांना कुलपं. कोण आयर्लंडला, कोण जर्मनीत, कोण वॉर्सात, आणि उरलेले चर्चमागच्या दफनभूमीत. सातव्या घरात याद्विगा आजी, आणि तिच्याकडे खोली घेऊन राहिलेली मी. शेडवरच्या वसतिगृहात बारा जणींच्या खोलीत जीव घुसमटला म्हणून मी इथं आले होते. ती मला दर्शनाऐवजी दाशा म्हणायची आणि मी तिला आजी. हा एक मराठी शब्द तिला इतका आवडला होता, की कोंबड्यांना दाणे टाकतानाही "आजी आली, आजी आली" म्हणायची.

आणि ते चित्र. काळ्या चेहऱ्याची मेरीमाता, कडेवर बाळ, गालावर दोन व्रण. त्याची मोठी प्रत पॅरिशमधल्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या, घराघरांतून फिरते. एका घरी एक दिवस. आजीनं सांगितलं तेव्हा मी उडालेच होते. शिमग्यात आमच्या ग्रामदेवतेची पालखी अशीच घरोघर येते. मुंबईकर रजा टाकून धावतात, बंद घरांची कुलपं त्या एका दिवसापुरती निघतात, ओटे सारवले जातात.

म्हणून रिशार्द गेल्यावर मी आजीला सरळ म्हटलं, "येत नाही तर आपण आणू. होडी मागते मी शेडवरच्या ड्रायव्हरची. तूही चल."

"आणायला जायचं नसतं, दाशा."

"का?"

"मागून आणलेली ती पाहुणी कसली? शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या दारात नेऊन द्यायची. घेणाऱ्यानं दार उघडून उभं राहायचं. एवढंच आपलं काम."

"आणि शेजारी नाही आला तर?"

"तर दार उघडून उभं राहायचं," आजी म्हणाली आणि कोंबड्यांकडे गेली.

पण ती उभी राहात नव्हती की बसत नव्हती. त्या दोन दिवसांत तिनं खिडक्या तीनदा पुसल्या. टेबल भिंतीकडून खिडकीकडे नेलं, खिडकीकडून परत भिंतीकडे. मध्येच बाहेर जाऊन पाण्यापलीकडे बघायची. पलीकडे स्टेफान्याच्या घराचं धुराडं दिसायचं. तिकडून धूर आला की ही आत यायची.

स्टेफान्या तिच्या नवऱ्याची बहीण. भांडण कशावरून, तर नदीवरून. एका सालच्या पुरात नदीनं कूस बदलली आणि आजीच्या नवऱ्याच्या, स्तानिस्वावच्या (घरात त्याला स्तासेक म्हणत) कुरणाची एक पट्टी नदीच्या पलीकडे, बहिणीच्या बाजूला गेली. त्या उन्हाळ्यात बहिणीनं तिथलं गवत कापलं. ती म्हणे, नदीनं दिलं. ही म्हणे, नदी कोण देणारी? स्तानिस्वाव म्हणाला, जाऊ दे, गवतच आहे. पण ही विळा घेऊन पाण्यातून पलीकडे गेली आणि नणंदेला तिच्या गायींसमोर, गड्यांसमोर चोर म्हणाली. मग तो गेला. त्याच्या मातीला नणंद आली, पण दफनभूमीच्या फाटकापाशी उभी राहून तशीच परतली. तेव्हापासून दोघींमध्ये नदीच फक्त ये-जा करत होती.

तिसऱ्या दिवशी शेडवर माझी कामाची पाळी नव्हती. मी ड्रायव्हरची होडी घेतली आणि स्टेफान्याकडे गेले. अंडी विकत घ्यायचं निमित्त केलं.

ती गोठ्यात होती. बुटकी, रुंद, गालांवर लाली. मला पाहून म्हणाली, "झाब्याकच्या कोंबड्या संपावर गेल्या का?"

"चित्राचं विचारायला आले."

"मग सरळ तसं म्हण. अंड्यांना कशाला मध्ये घालतेस?" तिनं बादली खाली ठेवली. "तिनं पाठवलं?"

"तिला माहीत नाही."

"तिला माहीत नाही असं या ग्मिनेत काही नसतं." ती माझ्या पायांकडे बघत होती. "भिजलीस की. बस तिथं. हे बघ, मुली, तू लांबून आलीस, तुला आमच्यातलं कळायचं नाही. पण मला चोर म्हटलेलं तोंड आहे ते. तिच्या दारात मी देवालाही घेऊन जाणार नाही. कोवाल्चिकांपर्यंत नेलं असतं. त्यांचा माझा काही तंटा नाही. पण कोवाल्चिकांकडे आहे कोण? कुलूप. कुलपाच्या हातात देऊ चित्र?"

कोवाल्चिकांचं घर झाब्याकात शिरताना पहिलं. तिथून आजीचं घर हाकेवर.

"तिथं माणूस असता तर दिलं असतंत?"

"दिलं असतं. का नाही?"

"आणि त्या माणसानं पुढे कुणाला दिलं असतं..."

"ते त्याचं तो बघेल," स्टेफान्या म्हणाली आणि मी न मागताच मला सहा अंडी दिली.

परत येताना माझ्या काठीला जमीन लागत नव्हती, होडी गोल गोल फिरत होती, पण डोकं मात्र सरळ चालत होतं. तोमेक कोवाल्चिक आयर्लंडला होता, त्याचा नंबर आजीकडे होता. मी फोन लावला. तो आधी घाबरला, घराला आग लागली की काय. मग सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "किल्ली विहिरीच्या खांबामागे आहे. आईची मोठी समई... नाही, मेणबत्तीचं घर... कपाटात आहे, तेच लाव." त्याला शब्द सापडत नव्हते. माझं पोलिश मोडकं, त्यानं दहा वर्षांत बोलायचं सोडलेलं.

कोवाल्चिकांच्या घरात मी राहायला जाते, असं रिशार्दला सांगितलं तर त्यानं डोकं खाजवलं. "पण तू आमच्या धर्मातली नाहीस."

"घर तर आहे ना धर्मातलं?"

त्यानं तिथूनच फादरना फोन लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हो फादर... भारतातली... नाही, बाप्तिस्मा नाही... हो, राहायला जातेय, खरोखर, गादीसकट..." मग बराच वेळ त्यानं नुसत्या माना हलवल्या. फोन ठेवून म्हणाला, "फादर विचारतात, चूल पेटते का त्या घरात?"

"आत्ता पेटवते."

"मग म्हणाले, चूल पेटते ते घर. पण मुक्काम याद्विगाबाईंकडे. कोवाल्चिकांकडे जपमाळेपुरतं थांबेल आणि तिथून लगेच पुढे जाईल."

आजीला मी संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं होतं ती मिठी मारेल. तिनं विचारलं, "स्टेफा स्वतः येणार?"

"स्वतः. मला जपमाळ म्हणायला शिकव ना पटकन."

"इतक्यात कुठे येते? आमची आयुष्यं गेली," असं म्हणून तिनं मला चादरी काढून दिल्या.

ओसाड घर झाडणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दार उघडल्याबरोबर तो वास येतो, थंड, थोडा उंदरांचा, थोडा माणसांचा. मी जाळी काढली, फरशी घासली, चूल पेटवली. धुराड्यात पाखरांनी काड्या भरल्या होत्या. आधी सगळा धूर माझ्याच डोळ्यांत आला, मग अचानक वाट सापडली आणि तो वर गेला. मी बाहेर येऊन पाहिलं. पाण्यापलीकडे स्टेफान्या अंगणात उभी होती, हात कपाळाला लावून, आमच्या धुराकडे बघत. आणि अलीकडे आजी तिच्या फाटकात. मी मधे, तोंडाला काजळी फासलेली. झाडता झाडता जात्यावरच्या चालीवर काहीबाही ओठांवर आलं होतं, ते मी मोठ्यानं म्हटलं. दोघींपैकी कुणालाच कळणार नव्हतं.

दारीच्या गं वाटेवरी, गवत हे उगवलं
कुणाचं गं पाऊल, कुणी बाई अडवलं

चित्र यायचं त्या दिवशी वारा चौपट. दुपार झाली तरी होडी दिसेना. मी उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून उंबऱ्यापर्यंत फेऱ्या मारत होते. दारात पिठाची छोटी रांगोळी घातली होती, ती वाऱ्यानं नेली, परत घातली, परत नेली. क्रौंच पक्षी कुरणावर ओरडत होते. आजीच्या खिडकीतला पडदा हलायचा, थांबायचा.

मग होडी आली. रिशार्द मागे उभा राहून काठी मारत होता. मधे पांढऱ्या भरतकामाच्या कापडात गुंडाळलेली चौकट, आणि पुढे गुडघे टेकून, दोन्ही हातांनी तिला धरून स्टेफान्या. लाटा होडीत येत होत्या. तिचे बूट घोट्यापर्यंत पाण्यात होते, पण तिनं चौकट तसूभर कलू दिली नव्हती.

आम्ही तिघांनी मिळून चित्र आत नेलं आणि टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं. कापड काढलं. काळा, दमलेला, आपल्याकडच्या एखाद्या बाईसारखा चेहरा. स्टेफान्यानं क्रूसाची खूण केली. मी नमस्कार केला. रिशार्द कान बाहेर लावून उभा होता.

"फादरना आणतो," तो म्हणाला. "पण हा वारा... वेळ लागला तर तुम्ही सुरू करा."

"आणि मला परत कोण नेणार?" स्टेफान्या म्हणाली.

"आलोच," म्हणून तो गेला. त्याची होडी पाण्यावर लहान लहान होत गेली, मग वाऱ्यानं तिला वळवलं, मग ती लव्हाळ्यांच्या मागे गेली आणि दिसेनाशी झाली.

आम्ही थांबलो. मेणबत्ती अर्धी उतरली. स्टेफान्या घरभर फिरली, कोवाल्चिकांच्या लग्नाच्या फोटोवरची धूळ बोटानं पुसली, खिडकीतून नदी बघितली. दुसऱ्या खिडकीकडे, आजीच्या घराच्या बाजूला, ती गेली नाही.

"येत नाही तो आता," ती शेवटी म्हणाली. "चल, आपणच म्हणू. तुला येते?"

"नाही."

"अजिबात?"

"तुम्ही म्हणा. मी ऐकते."

"ऐकून कसं चालेल? अर्धी मी म्हणायची, अर्धी समोरच्यानं. एकटीची जपमाळ म्हणजे..." मग हट्टानं गुडघ्यांवर बसली, मणी हातात घेतले आणि सुरू केलं.

"नमो मारिये, कृपापूर्णे, प्रभू तुझ्याबरोबर..."

अर्ध्यावर आली आणि थांबली. इथून दुसरीनं उचलायचं असतं. मला जातं आठवलं. माझी आई आणि काकू समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा दोघींच्या हातात. एकीनं ओवीची पहिली ओळ टाकायची, दुसरीनं पुढची. काकू गेल्यावर आई एकदाच एकटी जात्यावर बसली होती. ओळ टाकली आणि गप्प राहिली. त्यानंतर आमचं पीठ गिरणीतून यायला लागलं.

स्टेफान्या गप्प होती. तिला स्वतःलाच पुढचं म्हणता आलं असतं, पण ती म्हणेना. वाऱ्यानं दार आपटलं. मी ते लावायला वळले, तर आपटलं नव्हतं, उघडलं होतं.

"पवित्र मारिये, देवाचे माते, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर," दारातून आवाज आला, "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी."

आजी उंबऱ्याबाहेर उभी होती. रबरी बूट, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हात छातीशी. चित्र न्यायला ती आली नव्हती. तिचं लक्षच चित्राकडे नव्हतं. ती स्टेफान्याच्या पाठीकडे बघत होती.

स्टेफान्या वळली नाही. तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. मला वाटलं, आता ही उठेल. तिनं मणी पुढे सरकवला.

"नमो मारिये, कृपापूर्णे..."

"पवित्र मारिये, देवाचे माते..."

असं चाललं. एक आवाज भिंतीकडे तोंड करून, एक दारातून. पहिल्या दहा मण्यांना दोघींची चाल वेगळी होती. एक घाईत, एक ओढत. मग कधीतरी ती जुळली. मी मधे उभी होते आणि मला बसावंसं वाटलं नाही, हलावंसंही वाटलं नाही. त्या मुलखात पहिल्यांदाच.

शेवटचा मणी झाल्यावर स्टेफान्या टेबलाचा आधार घेऊन उठली. गुडघे चोळले. अजूनही वळली नव्हती.

"हे पुढे न्यायचं आहे," ती चित्राला म्हणाली. "आणि ही काटकी एकटी उचलणार नाही."

काटकी म्हणजे मी. मी चौकटीचं एक टोक धरायला गेले, तर आजी आत येऊन म्हणाली, "तू मेणबत्ती घे, दाशा. विझू देऊ नकोस."

"पण तू तर घेणारी. घेणारीनं दारात उभं राहायचं ना?"

"दार उघडंच आहे माझं," आजी म्हणाली.

पुढे स्टेफान्या, मागे आजी, दोघींच्या मधे ती चौकट, आणि पायवाटेवर नडगीभर पाणी. मी हातानं ज्योत झाकत बाजूनं चालत होते. मग स्टेफान्या धापा टाकत म्हणाली, "तेव्हा हलकी होती."

"तेव्हा आत काही नव्हतंच की."

"मग काय. नुसतं लाकूड."

"सावकाश चाल. तेव्हाही पळत होतीस."

"मी पळत नव्हते. तू नवी नवरी, तुला चालताच येत नव्हतं चिखलातून."

मला काही कळेना. आजीनंच मग तुटक तुटक सांगितलं, पाणी तुडवत. त्या काळच्या कम्युनिस्ट सरकारनं फिरतं चित्र अडकवून ठेवलं होतं. तर लोकांनी रिकामी चौकटच फिरवली, मधे चित्र नाही, बाजूला एक मेणबत्ती. झाब्याकला ती आली तेव्हाही असाच पूर होता. पुरुष घाबरले, अंगणात पोलीस येतील म्हणून. मग नणंद-भावजयीनं दोघींनीच ती या वाटेनं आणली, घराघरांतून. सातही घरांत तेव्हा माणसं होती.

"सगळ्यांनी त्या रिकाम्या चौकटीला मुके घेतले," स्टेफान्या म्हणाली. "ही मात्र चौकटीतून पलीकडे माझ्याकडे बघून हसली. चर्चमध्ये जाऊन पापाची कबुली द्यावी लागली हिला."

"तुझं नाक लाल झालं होतं."

"आताही आहे."

आजीच्या पायऱ्या आल्या. चौकट आडवी करून, तिरकी करून, एकमेकींना "वर घे, वर घे, अगं डावीकडे" करत दोघींनी ती पडवीत घेतली आणि भिंतीला टेकवली. स्टेफान्या दोन पावलं आत आली आणि तिथेच खिळली. बुटांतून पाण्याची धार लागली होती.

"मोजे भिजलेत माझे," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी त्या घरात तिला एवढंच बोलायला सुचलं.

आजीनं कपाटाचा खालचा खण ओढला. खोल हात घालून राखाडी लोकरीची एक जोडी काढली, पुरुषी, जाड. स्टेफान्यानं ती हातात घेतली, उलटीपालटी केली, टाचेपाशी बोट घातलं.

"हे मी विणलेले आहेत. स्तासेकसाठी."

"माहीत आहे."

"एकदाही घातले नाहीत त्यानं?"

"मी घालू दिले नाहीत. तुझे म्हणून." आजीनं खुर्ची चुलीपाशी ओढली. "घाल आता. गार पडशील."

स्टेफान्या बसली. भावाचे मोजे तिनं हळूहळू पायांत चढवले, पार गुडघ्यापर्यंत. मोठे झाले. बोटांपुढे रिकामी लोकर दुमडली. तिनं पाय चुलीकडे केले आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. आजी किटलीत पाणी ओतत होती आणि अर्धं बाहेर सांडत होतं.

मी मेणबत्ती घेऊन तशीच दारात उभी. ठेवायची कुठे हे विचारावं, तर दोघींपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. चित्र बाहेरच्या पडवीत होतं, भिंतीला टेकवलेलं, कापड अर्धं सरकलेलं. त्याला आत आणायला अजून कुणी उठलं नव्हतं.